प्रयोगशाळेतील संगणकांवरच्या जुन्या यूजर प्रोफाइल आपोआप कशा हटवाव्यात?

आपला प्रश्न असा आहे की, नागपुरातील आपल्या शाळेच्या व कनिष्ठ महाविद्यालयाच्या सामायिक प्रयोगशाळेत विद्यार्थी डोमेन खात्याने (म्हणजे संस्थेच्या सर्व्हरवरील खात्याने) लॉगिन करतात, प्रत्येकाची प्रोफाइल, म्हणजे त्याच्या फाइल आणि सेटिंग्जचे फोल्डर, सी ड्राइव्हवर साठत जाते, आणि ग्रुप पॉलिसीमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या विंडोजच्या नियमांमध्ये, ३० दिवसांची मर्यादा घालूनही एकही प्रोफाइल हटलेली नाही. मी नागपुरातच एका शिक्षणसंस्थेचे संगणक सांभाळतो, त्यामुळे हा प्रकार माझ्या चांगल्या परिचयाचा आहे.

आपण लावलेली पॉलिसी ‘डिलीट यूजर प्रोफाइल्स ओल्डर दॅन अ स्पेसिफाइड नंबर ऑफ डेज ऑन सिस्टिम रिस्टार्ट’ हीच असावी. तिच्या नावातील शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर सायंकाळी शटडाउन करून सकाळी बटण दाबणे हे रिस्टार्ट ठरत नाही. कर्नल हायबरनेट होऊन तसेच परत येते. प्रयोगशाळेत फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावे, असे माझे मत आहे.

खरी अडचण मात्र बहुधा दिवस मोजण्यात असते. प्रोफाइलचे वय अनेकदा तिच्यातील एनटीयूजर डॉट डॅट या फाइलच्या तारखेवरून ठरते, आणि विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरससारखे प्रोग्राम त्या फाइलला हात लावत असल्यामुळे, दोन वर्षांपूर्वी बारावी होऊन गेलेल्या विद्यार्थ्याची प्रोफाइलही कालच वापरल्यासारखी दिसते. विंडोज प्रत्येक प्रोफाइलची माहिती ज्यातून देते, त्या विन३२ यूजरप्रोफाइल या क्लासमधील लास्ट-यूज-टाइमवरही म्हणूनच विसंबू नये. त्यापेक्षा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) प्रोफाइललिस्टखाली प्रत्येक एसआयडीच्या, म्हणजे खात्याच्या ओळख क्रमांकाच्या, ‘की’मध्ये (कप्प्यात) असणाऱ्या लोकल-प्रोफाइल-लोड-टाइम-हाय आणि लो या दोन नोंदी अधिक भरवशाच्या आहेत. त्या जोडल्या की १ जानेवारी १६०१ पासूनचा काळ मिळतो. जोडताना लो नोंद पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा लिहिण्याच्या साधनात) ऋण संख्या म्हणून येऊ शकते, त्यामुळे दोन्हींचे हेक्स रूप करूनच जोडावे. आणि ज्या प्रोफाइलमध्ये या नोंदी नसतील किंवा शून्य असतील, ती स्क्रिप्टने (हे काम करणाऱ्या पॉवरशेलमधील छोट्या प्रोग्रामने) सोडून द्यावी. नाहीतर ती चारशे वर्षे जुनी ठरून सर्वांत आधी उडेल.

हटवण्याचे काम विन३२ यूजरप्रोफाइल याच क्लासमधील वस्तूवर रिमूव्ह-सिम-इन्स्टन्स ही आज्ञा चालवून करावे, म्हणजे फोल्डर आणि रजिस्ट्रीतील नोंद दोन्ही जातात. यूजर्समधील फोल्डर थेट डिलीट करण्याचा मोह होतो, पण नोंद मागे राहिल्यास तोच विद्यार्थी पुन्हा लॉगिन करताना तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये जाऊन पडतो आणि त्याने केलेले काम लॉगआउट होताच नाहीसे होते. स्पेशल (विंडोजच्या स्वतःच्या) आणि लोडेड (सध्या वापरात असलेल्या) या खुणा असलेल्या प्रोफाइल, तसेच आपले प्रशासकीय खाते, स्क्रिप्टने वगळलेच पाहिजे. डोमेनवरील खात्याला यातून धक्का लागत नाही.

३० दिवसांची मर्यादा मात्र आपल्याकडे चालणार नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा अकरावीच्या मुलांनी एप्रिलमध्ये डेस्कटॉपवर ठेवलेला प्रकल्प बारावीच्या पहिल्याच दिवशी सापडणार नाही. मी १२० दिवस ठेवतो. त्याआधी सर्वांचे डॉक्युमेंट्स फोल्डर सर्व्हरवर वळवलेले असावे हे उत्तम. ते जमत नसेल, तर निदान प्रत्येक वर्गात सूचना तरी लावावी.

स्क्रिप्ट टास्क शेड्युलरमध्ये सिस्टिम खात्याने आठवड्यातून एकदा चालू द्यावी, आणि वेळ हुकल्यास शक्य तितक्या लवकर चालवण्याचा पर्याय निवडावा, कारण सुटीत संगणक बंदच असतात. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून आलेला शेअर्ड पीसी मोड, म्हणजे अनेकांनी वापरायच्या संगणकांसाठीची तयार व्यवस्था, डिस्कवरील रिकामी जागा पाहूनही खाती हटवू शकतो, पण तो संगणकाच्या इतर अनेक सेटिंग्जही बदलतो, म्हणून चालू प्रयोगशाळेत मी तो लावणार नाही. स्क्रिप्ट सर्व संगणकांवर पाठवण्यापूर्वी एकाच संगणकावर व्हॉट-इफ (प्रत्यक्षात काही न हटवता काय हटेल एवढेच दाखवणारा पर्याय) लावून चालवावी आणि तिने छापलेली यादी हजेरीपटाशी ताडून पाहावी.