उरलेले कानाचे थेंब घालू का, असं विचारताय म्हणून

तुमचा प्रश्न असा की कान ठणकतोय, पाणी येतंय, डॉक्टरकडे जायला सुट्टी मिळत नाही, घरात मागच्या पावसाळ्यातली अँटिबायोटिक थेंबांची बाटली अर्धी उरलीय, तर किती थेंब आणि किती दिवस घालायचे. शून्य थेंब. बाटली टाकून द्या, मग पुढचं वाचा.

एवढं तोडून बोलतोय कारण हाच उद्योग मी करून बसलोय आणि त्यावरून सासरी अजून वाद चालू आहे.

माझा मेव्हणा औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी होता. चारच वर्षं, पण घरात मान सिव्हिल सर्जनचा. त्या जुलैत मी रोज भांडुप ते परळ लोकलने, भिजलेले कान आणि त्यात इअरफोन. उजव्या कानाला आधी खाज सुटली, मग दडा बसला. दुखण्यापेक्षा खाज जास्त होती, हे लक्षात ठेवा. मेव्हण्याला फोन केला. "भावजी, कान आहे तो, डोळा नाही. थेंब टाका, तीन दिवसांत मोकळा." संध्याकाळी स्वतः येऊन सॅम्पलची बाटली देऊन गेला. सिप्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे अँटिबायोटिक, आणि सोबत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड.

बायकोने ती फ्रिजमध्ये ठेवली. औषध म्हटलं की फ्रिज, हा आमच्या घरचा नियम. रात्री तशीच गार काढून चार थेंब सोडले आणि काही सेकंदांत खोली गरगरायला लागली. पलंगाची कड धरून पडलो. पंखा बंद होता आणि मला फिरताना दिसत होता. बायको शेजारच्या काकूंना हाका मारायला लागली. मिनिटा-दोन मिनिटांत ओसरलं. नंतर कळलं की गार औषध कानात गेलं की आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या बिथरतात. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरली असती तरी भागलं असतं.

पहिले दोन दिवस खरंच बरं वाटलं. मेव्हण्याचा फोन आला, "बघा!" चौथ्या दिवसापासून खाज दुप्पट. मग मी थेंब वाढवले. तीन दिवसांचे तीन आठवडे झाले. वर दादर स्टेशनबाहेरून कानाचे बड्स आणून आतला ओलावा टिपायचो, म्हणजे सोललेल्या कातडीवर रोज घासाघीस. शेवटी साहेब उजव्या बाजूने काही बोलले की मी नुसती मान हलवायचो. एकदा अशीच मान हलवून शनिवारची ड्यूटी गळ्यात पडली, तेव्हा ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं. ओल्या कापसासारखा बोळा आणि त्यावर काळे ठिपके. "कांद्यावर काळी बुरशी धरते ना? तीच ही," त्या म्हणाल्या. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, बुरशीला हातही लावत नाही. उलट कानात एरवी राहणारे जिवाणू मेले की बुरशीला रान मोकळं. स्टेरॉइड वरून तिथली प्रतिकारशक्ती दाबतं. दोन दिवस जे बरं वाटलं ती त्या स्टेरॉइडची करामत. मग सक्शन, म्हणजे नळीने तो बोळा ओढून काढणं. सोसायटीचा पाण्याचा पंप कोणीतरी कानात बसवलाय असा आवाज. पुढे दोन आठवडे क्लोट्रिमाझोलचे, म्हणजे बुरशीवरचे थेंब आणि कान कोरडा ठेवायचा.

मेव्हण्याचं आजही म्हणणं असं की औषध बरोबर होतं, मीच अंघोळीला कानात पाणी जाऊ दिलं. पाण्याचं खरं आहे. व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायला हवा होता. तीन आठवडे चालू ठेवलं तेही माझं चुकलं. पण बाबा रे, औषध सांगायच्या आधी कानात डोकावलं कोण? जिवाणू असोत, बुरशी असो, बाहेरून सगळं सारखंच दिसतं. पू पडद्यामागे असेल आणि पडदा शाबूत असेल तर थेंब तिथवर पोचतच नाहीत. पडदा फाटला असेल तर नको तिथे पोचतात. जेन्टामायसिन, निओमायसिन यांसारखं अँटिबायोटिक आतल्या कानात गेलं तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन फाटक्या पडद्यालाही देतात, पण तुमच्या बाटलीत काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आणि पाणी येतंय म्हणजे पडदा फाटलेला असूही शकतो.

डॉक्टरने बघून थेंब दिले तर घालायची पद्धत सोपी आहे. बाटली मुठीत कोमट करा, दुखरा कान वर करून कुशीवर झोपा, पाळी वर आणि मागे ओढा (अगदी लहान मुलांची खाली आणि मागे), नळीचं टोक कानाला लावू नका. मग कानाच्या तोंडाशी कूर्चेचा छोटा उंचवटा असतो तो दोन-चारदा हलकेच दाबा आणि पाच मिनिटं तसंच पडून राहा. लगेच उठून मोबाइल शोधलात तर औषध मानेवर येतं. थेंब आणि दिवस चिठ्ठीवर असतील तेवढेच, बरं वाटलं म्हणून आधी बंद नाही आणि बरं वाटत नाही म्हणून वाढवायचे नाहीत. बाटली फोडल्याची तारीख पेनाने खोक्यावर लिहा. साधारण महिन्याभरात ती बाद. तुमची तर वर्षाची आहे.

हो, एक राहिलं. मी डॉक्टर नाही, हिशेब बघतो. आणि डायबेटिस असेल, रात्री झोप उडवणारी कळ असेल, चक्कर येत असेल किंवा तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटत असेल, तर इथे उत्तरं वाचत बसू नका, आजच्या आज जा. सुट्टी मिळत नाही म्हणालात. मुंबईत असाल तर केईएम, सायन, नायर, तिन्ही रुग्णालयांत ईएनटी ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

परवा गणपतीला सासरी गेलो होतो. पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर दारात, लोणच्याच्या बरणीला टेकून कानाचे थेंब. खोक्यावर तारीख नाही. मेव्हणा म्हणाला, "ते आईचे आहेत, डोळ्याचे."

वाचलं तर कानाचेच होते.