पिल्लू कोणाला देऊ नकोस

वडगाव, बेळगाव
कार्तिक महिना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून चार दिवस झाले. तू जे विचारले आहेस ते मला स्वतःच्या बाबतीत एकदा नीट आठवून पाहायचे होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. तू लिहितोस की उद्यमबागेतील पाळी संपवून घरी पोहोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही, वही आणि रंगपेटी आठ-आठ दिवस उघडली जात नाही, आणि त्यातच कारखान्याच्या फाटकापाशी कुडकुडत बसलेले कुत्र्याचे पिल्लू तू उचलून आणल्यामुळे उरलासुरला वेळ त्याच्या खाण्यापिण्यात जातो. आईची कुरकुर चालू आहे. तेव्हा ते खानापूरकडच्या नातेवाइकांच्या शेतावर सोडून यावे का, असा तुझा प्रश्न आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: सोडू नकोस. ज्या वेळेची तुला टंचाई भासते, तो वेळ हेच पिल्लू तुला काढून देणार आहे.

मी बत्तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले. लिहिणे आणि चित्र काढणे यांचा माझ्या पोटापाण्याशी कधी संबंध आला नाही आणि तो यावा असेही मला वाटले नाही. पण नोकरीची पहिली अठ्ठावीस वर्षे 'सुट्टीत करू' असे म्हणण्यातच गेली. मे महिन्याची सुट्टी लग्नकार्यांत संपे, दिवाळीची सुट्टी पेपर तपासण्यात. त्या काळात पुरी झालेली चित्रे बोटांवर मोजावीत इतकीच आहेत, आणि कथा एकही नाही. मग आमच्या गल्लीतील कुत्रीला पाच पिल्ले झाली, त्यांतले तांबूस रंगाचे एक आमच्या पायरीवर येऊन बसू लागले आणि घरचेच झाले. त्याचे नाव तांबू पडले. सहा महिन्यांचा झाल्यापासून पहाटे साडेपाचला तो माझ्या अंथरुणाशी येऊन उभा राहू लागला. त्याला रविवार ठाऊक नव्हता, पाऊस ठाऊक नव्हता, दहावीचे जादा तासही ठाऊक नव्हते. लिहिणे उद्यावर ढकलता येते, कुत्र्याला बाहेर नेणे ढकलता येत नाही. अशा रीतीने रोजचा पाऊण तास माझ्यासाठी बांधला गेला, आणि त्या पाऊण तासात माझे हात मोकळे आणि डोळे उघडे होते.

आम्ही गेली दहा वर्षे एकाच रस्त्याने जातो. वडगाव सुटले की येळ्ळूरच्या दिशेने भाताचे शिवार लागते आणि समोर राजहंसगडाचा माथा दिसतो. तुला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे की तूही रस्ता बदलू नकोस. चित्रासाठी एकदा गोकाकला जायचे आहे असे तू लिहिले आहेस. जरूर जा, घटप्रभा तेथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि ते दृश्य पाहण्यासारखेच आहे. परंतु धबधब्यासमोर एक दिवस उभे राहून माणूस फक्त थक्क होतो. रोजच्या नाल्यापाशी वर्षभर उभा राहिलास, तर पाणी कसे वाहते ते तुला कळेल. आमच्या वाटेवरचा बळ्ळारी नाला मी आषाढात शिवारात घुसलेला पाहतो, रोपे कुजल्यावर बांधावर डोक्याला हात लावून बसलेली माणसे पाहतो, आणि मार्गशीर्षात त्याच रानात मसुरीचे कोवळे अंकुर पाहतो. हे सारे एकाच जागी उभे राहून दिसते, आणि तेथे उभे राहावे लागते, कारण कुत्रा थांबतो. एखाद्या बांधाचा वास घ्यायला तांबू दोन-दोन मिनिटे खिळून राहतो. पहिल्या वर्षी मी दोरी ओढत असे. पुढे मी ओढणे सोडले आणि खिशातून छोटी वही काढू लागलो.

एक प्रसंग सांगतो. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत, तांबू असाच अडून उभा असताना, मी बांधावरून भाताच्या लोंब्या पेन्सिलीने काढत होतो. शेताचे मालक विळा घेऊन कापणीला आले होते. ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय काढायलाय, सर?" मी वही पुढे केली. त्यांनी ती लांब धरून पाहिली आणि म्हणाले, "दाणा भरला की लोंबी वाकत्या. तुमच्या सगळ्या उभ्याच हाईत की. हे भात पोचट हाय." मी समोर पाहिले. सबंध शिवारातील एकही लोंबी उभी नव्हती. प्रत्येक ताट मानेपासून वळून खाली झुकले होते आणि मी मात्र मनातले भात काढत होतो. तीस वर्षे मुलांना निरीक्षण शिकवणाऱ्या माणसाला ते दिसले नव्हते. त्या दिवसापासून मी कागदाकडे कमी आणि वस्तूकडे जास्त पाहतो. आपल्या बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी 'चित्रमंदिर' ही चित्रकलेची शाळा चालवली आणि रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली घडले. डोळ्यांसमोरच्या वस्तूशी प्रामाणिक राहण्याचा तो संस्कार या गावाच्या मातीत आहे, आणि तो घ्यायला चित्रकलेची पदवी लागत नाही.

आता पिल्लाविषयी. ते तीन महिन्यांच्या आसपासचे दिसते असे तू म्हणतोस. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर, इतर कुत्र्यांत नेऊ नकोस; पार्वो या विषाणूच्या आजाराने चांगली धडधाकट पिल्ले दोन-तीन दिवसांत जातात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा देत राहावी लागते, तेव्हा लसीचे पुस्तक जपून ठेव. हे आठवडे वाया जाणार नाहीत. पिल्लू दिवसाचा बराच भाग झोपून काढते आणि झोपलेल्या कुत्र्यासारखा मॉडेल तुला फुकटात दुसरा मिळणार नाही. बरगड्यांची लय, मुडपलेले पंजे, पोटाखाली गेलेली शेपूट हे सारे सावकाश काढ. एक शास्त्रीय गोष्ट लक्षात ठेव, म्हणजे बहुतेकांची होणारी चूक तुझ्याकडून होणार नाही: कुत्रा बोटांवर चालतो. त्याच्या मागच्या पायात जो सांधा आपल्याला उलटा वळलेला गुडघा वाटतो, ती खरे तर त्याची टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या जवळ असतो. एवढे कळले की पाय आपोआप शरीराला जोडले जातात.

रंगांचा थोडा इशारा द्यायला हवा. तांबू सात महिन्यांचा असताना मी दार उघडायला उठलो आणि परत येऊन पाहतो तो हा ब्रश धुतलेल्या वाटीतले पाणी लपलप पीत होता. त्या पाण्यात कॅडमियमचा पिवळा रंग होता. कॅडमियम, कोबाल्ट असे धातू काही रंगांत असतात आणि ते पोटात जाणे चांगले नाही, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. त्याला काही झाले नाही, पण ती रात्र मी त्याच्या शेजारी बसून काढली. तेव्हापासून पाणी झाकणाच्या बरणीत ठेवतो, आणि ब्रशाला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची माझी जुनी सवयही त्याच दिवशी सुटली. तैलरंग आणि टर्पेंटाइन तर एका खोलीच्या घरात, कुत्रा असताना, नकोच. जलरंगाने सुरुवात कर. कागद जाड, ३०० ग्रॅमचा घे, स्वस्तातला पातळ कागद पाण्याने फुगतो आणि हौस तिथेच संपते. रंग चार-पाच पुरेत. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना हा तांबूस तपकिरी एकमेकांत मिसळ. त्यांतून जो करडा निघतो तो थेट आपल्या आषाढातल्या आभाळाचा असतो, आणि तोच बर्न्ट सायना किंचित पिवळ्या ऑकरबरोबर खानापूरच्या तांबड्या मातीला चालतो. पुढे कधी अथणी, गोकाककडची काळी रानं काढशील तेव्हा निळ्याचे प्रमाण वाढव.

जून ते सप्टेंबर येथे रंग वाळतच नाही. कोरा कागदसुद्धा दमट होतो, त्यावर बुरशीचे ठिपके येतात आणि मग त्या जागी रंग डाग पडल्यासारखा पसरतो. माझा एक गठ्ठा असा वाया गेला. पावसाळ्यात कागद पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेव आणि ते चार महिने पेन्सिलीला आणि लेखनाला दे. त्याच दिवसांत फिरून आल्यावर पिल्लाच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या आत गोचीड तपासत जा, कारण गोचीडतापाची सुरुवात सहसा नुसत्या मरगळीने होते आणि घरातल्यांना ती उशिरा कळते.

लेखनाबद्दल तू सर्वांत शेवटी, जरा चाचरत लिहिले आहेस: शाळा कन्नड माध्यमातील, त्यामुळे मराठी शुद्ध नाही, वाचणारे हसतील. बाळा, हे वाचून मला वाईट वाटले. तांबूला आमच्या शेजारचे कन्नडमध्ये 'बा, बा' म्हणून बोलावतात आणि मी 'ये' म्हणतो. तो दोन्हींना तितक्याच आनंदाने धावून येतो. तू दोन भाषांत वाढलास, म्हणजे तुझ्या कानाला दोन भाषांचा नाद आहे. तुझी आई कुरकुर करते ती ज्या शब्दांत करते, तेच शब्द वहीत उतरव. 'काय करायलास?' असे ती म्हणत असेल तर 'काय करत आहेस?' असे सुधारून लिहू नकोस. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचे असेल तर ठेव, ऱ्हस्व-दीर्घ मी तपासून देईन, पण माणसे त्यांच्या बोलीत बोलू देत. बेळगाव हे मराठीचे कोपऱ्यातले गाव आहे असा न्यूनगंडही बाळगू नकोस. १९२९, १९४६ आणि २००० अशी तीन वेळा अखिल भारतीय साहित्य संमेलने येथे भरली आहेत, आणि कडोली, उचगावसारख्या खेड्यांत लोक स्वतः खपून साहित्य संमेलन भरवतात, शेतकामातून वेळ काढून मांडवात येऊन बसतात. तुझा पहिला वाचक तेथेच बसलेला असेल. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून कथा लिहीत आणि चित्रेही काढत, म्हणजे नोकरी, लेखणी आणि कुंचला एका घरात नांदू शकतात याचा दाखला फार लांब शोधायला नको.

रोज लिहायचे ते थोडेच लिही. फिरून आल्यावर, चहा उकळेपर्यंत, तीन ओळी. त्यांत आपल्या मनाला काय वाटले ते घालू नकोस. काय पाहिले तेवढेच घाल. माझ्या वहीतील एक पान जसेच्या तसे देतो: "धुके. मळणीच्या खळ्यावर रात्री राखणीला झोपलेला माणूस, डोक्यावरून घोंगडे. तांबूने त्याच्या चपलेचा वास घेतला आणि काही न करता परत आला." या तीन ओळींतून दोन वर्षांनी माझी एक कथा झाली, आणि घोंगड्याचे ते चित्र आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. ती वही नसती तर चपलेचा तो तपशील मला आठवलाच नसता. तारीख मात्र प्रत्येक पानावर घाल, मी सुरुवातीला घातली नाही आणि आता कोणता पाऊस कोणत्या वर्षीचा ते लागत नाही.

आईच्या कुरकुरीचे म्हणशील, तर तिच्यावर पिल्लाचे एकही काम टाकू नकोस. घाण स्वतः काढ, भाकरी आणि दूध-अंडे स्वतः दे, कांदा, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट त्याच्या तोंडी जाणार नाही हे स्वतः पाहा. आमच्या घरीही पहिले चार महिने असेच होते. आता दुपारी तांबूला पायाशी घेतल्याशिवाय सौ. पेपर उघडत नाही.

पुढच्या रविवारी एकटाच ये. तुझ्यासाठी ३०० ग्रॅमचे सहा कागद कापून ठेवले आहेत आणि तोवर झोपलेल्या पिल्लाची दहा रेखाटने मला पाहायला मिळावीत, वाईट असली तरी. लसींचा शेवटचा डोस होऊन दोन आठवडे झाले की त्यालाही घेऊन ये. तांबू वयाने मोठा आहे आणि घरात आलेल्या कुत्र्यावर आधी गुरगुरतो, म्हणून दोघांची गाठ बाहेर रस्त्यावरच घालू, दोऱ्या सैल ठेवू आणि नाल्यापर्यंत बरोबरीने चालवू. तेव्हा मसूर उगवून आलेली असेल. वही विसरू नकोस, आणि पेन्सिल सुतळीने वहीलाच बांध; बांधावरच्या चिखलात माझ्या कितीतरी हरवल्या आहेत.

आईस नमस्कार सांग.

तुझा,
सर