एआय चॅटच्या प्रोजेक्टमध्ये सूचना कशा लिहाव्यात?

नव्या माणसाला पहिल्या दिवशी जे सांगाल, तेच लिहा. क्लॉड किंवा चॅटजीपीटीमध्ये प्रोजेक्ट म्हणजे एका कामाच्या चॅट आणि फाइल एकत्र ठेवायची जागा. तिथली सूचना त्यातल्या प्रत्येक चॅटला लागू होते, त्यामुळे आजचं काम तिथे नको, कायमचं तेवढंच.

सोसायटीच्या नोटिसांसाठी मी आधी ‘छान, व्यावसायिक मराठीत लिही’ एवढंच लिहिलं होतं. आलं ते थेट सरकारी परिपत्रक! आता असं आहे: ‘वाचणारे बहुतेक ज्येष्ठ नागरिक. १०० शब्दांच्या आत. तारीख-वेळ पहिल्या ओळीत. रक्कम दिली नसेल तर मनाने टाकू नकोस, मला विचार.’ हे शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं.

आवडलेली एखादी जुनी नोटीस नमुना म्हणून जोडा. दहा विशेषणांपेक्षा ती जास्त सांगते. उपविधी (सोसायटीचे नियम) मात्र सूचनेत चिकटवू नका, प्रोजेक्टमध्ये त्यांची फाइल वेगळी टाका.