त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तिघांत आहे ही ख्रिस्ती शिकवण, ३२५ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन ठरवला, हे खरं आहे का?

नाही. त्या साली निकेयात भरलेल्या बिशपांच्या परिषदेत वाद होता तो पुत्राबद्दल, म्हणजे येशूबद्दल. तो पित्याच्याच तत्त्वाचा, की आलेक्सांद्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणायचा तसा निर्माण केलेला? शेवटी 'पित्याच्याच तत्त्वाचा' म्हणणाऱ्या मतांगीकारावर, म्हणजे विश्वासाच्या लेखी निवेदनावर, दोनच बिशपांनी सही नाकारली. पवित्र आत्म्याबद्दल त्या मतांगीकारात 'आणि पवित्र आत्म्यावर' एवढंच आहे. बाकीचं ३८१ साली, कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेत आलं.

पण हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. दृढीकरणाच्या (चर्चचं पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या) तयारीच्या वर्गात आमच्या पाळकसाहेबांनी एकदा किटली आणि स्टीलच्या पेल्यात बर्फ आणला होता. 'बर्फ, पाणी, वाफ. वस्तू एक, रूपं तीन. झालं त्रैक्य.' बर्फाचा एक खडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. तो वितळेपर्यंत मी विचार करत होते. मग विचारलं, 'येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी वरून येतेय. तिघे एकाच वेळी आहेत. हाच बर्फ त्याच वेळी वाफ कसा असेल?' साहेब चिडले. 'पोरीच्या जातीला इतके प्रश्न कशाला?' असं घरी येऊन वडिलांना सांगून गेले. थोरल्या दादाने त्यांचीच बाजू घेतली. महिनाभर मी त्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसले.

पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की साहेबांनी शिकवलं ते चर्चने निकेयाच्या शंभर वर्षं आधीच नाकारलं होतं. एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा म्हणून येतो, असं सबेलियस रोममध्ये शिकवायचा. त्याला तिथल्या बिशपने २२० च्या सुमारास बहिष्कृत केलं. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याचा, तसंच शिकवणाऱ्या प्राक्सियसवर आक्षेप हाच होता : तुझं खरं मानलं तर पित्यालाच वधस्तंभावर दिलं म्हणावं लागेल. 'त्रिनितास' हा लॅटिन शब्द या अर्थाने आपल्याला त्याच्याच लिखाणात पहिल्यांदा सापडतो. ग्रीकमध्ये अंत्युखियाच्या थिओफिलसने १८० च्या सुमारास 'त्रियास' म्हटलं होतं.

शब्द उशिरा आले, भक्ती आधीची. निकेया ज्या बिथिनियात येतं, त्या प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनला कळवतो, की हे लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. तेव्हा ना परिषद होती ना ख्रिस्ती सम्राट. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा तर मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातच आहे. जे आधीपासून प्रार्थनेत होतं ते नीट बोलायला चर्चला तीनशे वर्षं लागली. माझ्या मते यात लाजण्यासारखं काहीही नाही.

कॉन्स्टंटाइनचं म्हणाल तर आलेक्सांद्रियाच्या ज्या बिशप अथनासियसने निकेयाच्या निर्णयासाठी हयात घालवली, त्याला ३३५ साली यानेच त्रियरला हद्दपार केलं. ३३७ साली मरताना बाप्तिस्मा घेतला तो आरियसच्या पाठीराख्या बिशपकडून.

मात्र ३८० साली सम्राट थिओडोसियसने फर्मान काढून हाच विश्वास राज्याचा केला, हेही खरं आहे. तिथे सत्तेचा हात आहे आणि आपल्या लोकांनी तो लपवू नये. टर्टुलियनच्या मांडणीतही पुत्र पित्यापेक्षा थोडा खालचा वाटतो. त्यामुळे सगळं पहिल्या दिवसापासून तयार होतं, असं कुणी सांगितलं तर तेही मानू नका.

आणि कुणी किटली घेऊन समजवायला आलं तर बाप्तिस्म्याचा प्रसंग काढून विचारा. दादा आता रविवारशाळा घेतो, आणि अजून तोच बर्फ नेतो. दादा, हे वाचलंस तर या रविवारी पोरांना मत्तय ३:१६-१७ वाचून दाखव. एखादीने हात वर केला तर तिला बोलू दे.