कोंबड्यांच्या 'एचआय' अहवालातील ३ ते ९ हे आकडे नेमके कशाचे असतात?

आपण लिहिले आहे की, खानापूर तालुक्यातील आपल्या लेअर फार्मवरील पक्ष्यांचा राणीखेतसाठीचा 'एचआय' (हिमॅग्लुटिनेशन इन्हिबिशन, म्हणजे लाल पेशींचे चिकटणे रोखले जाते का हे पाहणारी चाचणी) अहवाल आला असून त्यात ३ पासून ९ पर्यंत आकडे आहेत, सरासरी ६ आहे, आणि "रक्तपेशी एकमेकींना चिकटल्या नाहीत हे चांगले" असे प्रयोगशाळेत सांगितल्यामुळे आपला गोंधळ झाला आहे, कारण पेशी चिकटल्या तरच विषाणू सापडतो असे आपण वाचले होते. मी पशुवैद्यक असून सांगली जिल्ह्यातील कुक्कुटपालकांचे नमुने तपासणे हेच माझे काम आहे. आपण वाचलेले आणि आपल्याला सांगितलेले, दोन्ही बरोबर आहे. त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत आणि त्यांत एकच दृश्य उलट अर्थाने वाचले जाते.

पहिली चाचणी विषाणूची. राणीखेतच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात त्या रोगाच्या विषाणूवर, तसेच इन्फ्लुएंझाच्या विषाणूवर एक प्रथिन असते आणि ते लाल पेशींवरील सियालिक आम्लाला जाऊन चिकटते. एकच विषाणूकण दोन पेशींना धरून ठेवू शकत असल्यामुळे पुरेसे कण असले की पेशींचे जाळे तयार होते. १९४१ साली जॉर्ज हर्स्ट यांना अमेरिकेत हे दिसले ते इन्फ्लुएंझा वाढवलेल्या अंड्यांतील द्रव काढताना गर्भाच्या रक्तवाहिन्या फुटून रक्त त्यात मिसळले तेव्हा; त्याच वर्षी कॅनडात मॅक्लेलँड आणि हेअर यांनीही तेच स्वतंत्रपणे नोंदवले. रक्त गोठण्याशी याचा काहीही संबंध नाही, कारण चाचणीपूर्वी पेशी तीन वेळा धुऊन रक्तद्रव काढून टाकलेला असतो.

प्रत्यक्षात ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये विषाणूचा द्रव दर खळग्यात निम्मा पातळ करत नेतात आणि प्रत्येकात कोंबडीच्या लाल पेशींचे एक टक्का मिश्रण घालतात. साधारण चाळीस मिनिटांनी पाहावे. विषाणू असेल तेथे पेशींचा गुलाबी पातळ थर खळगाभर पसरून राहतो. नसेल तेथे पेशी घरंगळत तळाशी जाऊन त्यांचे घट्ट लाल बटण बनते. शंका असल्यास प्लेट तिरकी धरायची: खरे बटण असेल तर त्यातून पेशी अश्रूसारख्या ओघळू लागतात, चिकटलेल्या पेशी मात्र जागच्या हलत नाहीत. नवीन तंत्रज्ञ घाईत असला की याच पायरीला बगल देतो, आणि अर्धवट चिकटलेला खळगा मग त्याच्या मर्जीप्रमाणे वाचला जातो.

ज्या शेवटच्या खळग्यात पेशी पूर्णपणे चिकटल्या, तेथील विषाणूचे प्रमाण म्हणजे एक एकक. आपली दुसरी चाचणी, म्हणजे 'एचआय', येथून सुरू होते. आता पातळ करत न्यायचा तो आपल्या कोंबडीचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव. त्यात प्रत्येक खळग्यात ज्ञात विषाणूची चार एकके घालून अर्धा तास ठेवतात आणि मग लाल पेशी टाकतात. सीरममध्ये राणीखेतविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर ती विषाणूला आधीच अडवतात, पेशी मोकळ्या राहून बटण बनते. म्हणजे येथे बटण ही चांगली बातमी, आणि गुलाबी थर म्हणजे अडवणारे पुरेसे कोणी नव्हते. ज्या शेवटच्या पातळीपर्यंत बटण टिकले तो टायटर. अहवालातील ३ म्हणजे आठपट पातळ केल्यावरही प्रतिपिंडे पुरली, ९ म्हणजे ५१२ पट. आकडा एकाने वाढला की प्रमाण दुप्पट होते, त्यामुळे आपल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पक्ष्यात चौसष्ट पटींचे अंतर आहे.

माझ्या मते आपण सरासरी ६ पाहून निश्चिंत होऊ नये. चार एककांच्या पद्धतीत ४ किंवा त्याहून अधिक टायटर सकारात्मक धरतात, तेव्हा ३ आलेले पक्षी त्या रेषेखालीच आहेत, आणि रोग कळपात शिरतो तो अशाच पक्ष्यांमधून. एवढा विस्कळीत पसारा दिसला की मी आधी लसीकरणाची चौकशी करतो. पाण्यातून लासोटा ही राणीखेतची जिवंत लस दिली असेल तर त्या पाण्यात टीसीएल पावडर होती का? टँकरच्या पाण्यात ती बहुधा असतेच, आणि क्लोरीन जिवंत लस मारून टाकते. काही पक्ष्यांना पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचताच आले नाही, असेही होते.

अहवाल मागताना त्या दिवशी विषाणूची चार एकके पुन्हा मोजून पाहिली होती का, हे अवश्य विचारा. ती चुकून आठ पडली तर सर्व टायटर एका पायरीने खाली येतात, दोन पडली तर वर जातात. म्हणून दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नसतो. तुलना करायचीच तर दोन्ही वेळचे सीरम एकाच दिवशी, एकाच प्लेटवर तपासून घ्यावेत. त्यात दोन पायऱ्यांची, म्हणजे चौपट, वाढ आढळली तरच ती खरी मानतात.

प्रतिपिंडे लसीची की शेतावरील विषाणूची, हे ही चाचणी सांगू शकत नाही. गंबोरो या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगाचा विषाणू लाल पेशींना नेहमीच्या पद्धतीने चिकटवत नाही, त्यासाठी एलायझा ही प्रतिपिंडे मोजणारी वेगळी चाचणी करावी लागते. उलट, नमुना अंड्यात वाढवून काढलेल्या द्रवाने पेशी चिकटल्या म्हणजे राणीखेतच, असेही नाही. इन्फ्लुएंझाही तेच करतो आणि फरक कोणत्या विषाणूविरुद्धचा आहे हे ज्ञात असलेला सीरम वापरूनच कळतो. त्यामुळे पक्षी अचानक मोठ्या संख्येने मरू लागले तर मृत पक्षी घेऊन खासगी प्रयोगशाळेत येऊ नका. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, कारण बर्ड फ्लूच्या संशयाचे नमुने शासनामार्फत भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेतच पाठवावे लागतात.

पुढच्या वेळी नमुने पाठवताना रक्त आधी सावलीत तिरके ठेवून सीरम सुटू द्या आणि मगच बर्फाच्या पेटीत ठेवा. उन्हाळ्यात विट्याहून मोटारसायकलच्या डिकीतून आलेला लालसर सीरम वाचताना गुलाबी थर कोणता आणि फुटलेल्या पेशींचा रंग कोणता, हे ठरवणे फार अवघड जाते.