जपानी शिकवा, आणि तिची वही परत द्या

प्रश्न : आमची मुलगी समाजशास्त्र घेऊन बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी म्हणून धायरीतल्याच एका पंथाच्या बैठकीला दर गुरुवारी जाऊ लागली. प्रकल्प देऊन झाला, जाणं चालूच आहे. आता म्हणते, एमए आणि पीएचडी नव्या धर्मपंथांवरच करणार. असा काही विषय असतो का? त्यात नोकरी आहे का? आणि खरं सांगायचं तर भीती ही, की ती त्यातच ओढली जाईल. नातेवाईक आत्ताच बोलायला लागलेत. तिच्या वहीच्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवतोय.
– एक वडील, धायरी

उत्तर :

नमस्कार.

आधी वही. तुमच्या पत्रापेक्षा त्या दोन पानांनी मला जास्त सांगितलं.

पहिल्या पानावर हॉलचा नकाशा आहे. दार, पंखे, बायकांची बाजू, पुरुषांची बाजू. दाराशी लिहिलंय, ‘चपला ४३ जोड, लहान मुलांच्या ६, शाळेचे बूट २.’ खाली एक ओळ : ‘मावशी रडल्या. का ते विचारलं नाही. पुढच्या वेळीही विचारायचं नाही, सांगायचं तर सांगतील.’ ओढला गेलेला माणूस चपला मोजत बसत नाही हो. पण दुसऱ्या पानावर मध्येच ठसठशीत अक्षरांत ‘सगळा भाबडेपणा आहे’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. मी तिची शिक्षिका असते तर तिथे मार्क कापले असते. इतक्या लवकर निकाल लावायचा तर तिथे जायचं कशाला, तो घरी बसूनही लावता येतो. समोरच्याचा देव खरा की खोटा, हा प्रश्न या अभ्यासात बाजूला ठेवायचा असतो. माणसं तिथे का येतात, काय देतात, काय मिळवतात आणि कधी सोडून जातात, ते बघायचं. तुमच्या मुलीला मावशींजवळ गप्प बसणं जमतंय. दोन रेघा न मारणं अजून जमायचंय, पण ते शिकवून येतं.

विषय असतो का, तर असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये धर्मस्वातंत्र्य मिळालं आणि पंथांचं पेव फुटलं. तिथल्या अभ्यासकांनी त्यांना ‘शिनशूक्यो’, म्हणजे नवे धर्म, म्हटलं आणि त्याचंच भाषांतर पुढे इंग्रजीत रुळलं. १९७०च्या दशकात युरोप-अमेरिकेतली कॉलेजातली पोरं घरदार सोडून पंथांत जाऊ लागली. आईबाप म्हणाले, मुलांचं ब्रेनवॉशिंग झालंय. त्यातच नोव्हेंबर १९७८मध्ये गयानातल्या जोन्सटाउनला एका अमेरिकन पंथाची ९००हून अधिक माणसं एका दिवसात मेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. त्यानंतर या अभ्यासाला कुणी हसलं नाही.

तुमच्या भीतीचा अभ्यास तर थेट झालेला आहे. आयलीन बार्कर नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी युनिफिकेशन चर्च या पंथाच्या शिबिरांत वर्षानुवर्षं बसून १९८४मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं, की शिबिराला आलेल्या दहांतले नऊ जण पंथात गेलेच नाहीत आणि जे गेले त्यांतलेही बरेच दोन-चार वर्षांत बाहेर पडले. मंतरून टाकण्याची ताकद इतकी जबर असती तर आकडे उलटे दिसले असते. याच बाईंनी १९८८मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ‘इन्फॉर्म’ ही संस्था सुरू केली. ‘आमचा मुलगा अमुक पंथात जातो, हे लोक कसे आहेत?’ असं विचारणाऱ्या आईबापांना पुराव्यानिशी माहिती द्यायची, हे तिचं एक मुख्य काम. थोडक्यात, तुम्ही मला लिहिलंत तसली पत्रं वाचणं ही तिकडे नोकरी आहे.

आणि पुण्यात बसून या विषयाला साहित्य कमी पडणार नाही. जोतीरावांनी १८७३मध्ये सत्यशोधक समाज काढला तो इथेच. मेहेरबाबांचा जन्म १८९४चा, पुण्यातलाच. १९५६मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली; तिला नवा धर्म म्हणायचं की बुद्धाच्या मूळ वाटेवर परत येणं, यावर आजही दोन मतं पडतात, आणि ती का पडतात हाच एक प्रबंध आहे. कोरेगाव पार्कातला रजनीश आश्रम १९७४चा. १९८१मध्ये मंडळी अमेरिकेत ओरेगनला गेली. तिथे १९८४मध्ये पंथातल्या काही पुढाऱ्यांनी स्थानिक हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले आणि ७५१ लोक आजारी पडले. तेव्हा त्याच वसाहतीत मन लावून ध्यान करणारी, यातलं काही माहीत नसलेली शेकडो माणसंही होती. एकाच वसाहतीतल्या या दोन्ही गोष्टी, कुठलीही न झाकता, नीट मांडायला माणूस तयार व्हावा लागतो.

आता धोका. तो आहे, पण तुम्ही शोधताय तिथे नाही. २० मार्च १९९५ला ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या मेट्रोत सारिन हा विषारी वायू सोडला. त्याआधी एका जपानी धर्म-अभ्यासकाने या पंथाची एक इमारत आतून बघून ती पूजास्थानच असल्याचं जाहीर केलं होतं. विषारी वायू बनवायचा कारखाना त्याच इमारतीत निघाला. त्याला विद्यापीठ सोडावं लागलं. तो पंथात ओढला गेला नव्हता, त्याने दाखवलं तेवढंच पाहिलं. म्हणून मुलीला सांगा, बैठकीतल्या लोकांइतकंच बैठक सोडून गेलेल्यांशीही बोल. आणि सोडून गेलेला रागाने बोलतो, तेही जसंच्या तसं खरं धरू नकोस. देणगीची पावती मिळते का, हिशेब कुणाला दाखवतात, आजारी माणसाला डॉक्टरकडे जाऊ देतात का, हे विचारायला संकोच करू नकोस. मात्र आपण अभ्यासासाठी येतो, हे तिने तिथे उघड सांगितलेलं हवं. सांगितलं नसेल तर येत्या गुरुवारी सांगू दे.

राहिली नोकरी. इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. ‘नव्या धर्मपंथांचे प्राध्यापक हवेत’ अशी जाहिरात आपल्याकडे निघत नाही. त्यामुळे विषय तिचा राहू दे, पदवी मात्र समाजशास्त्राचीच घ्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात समाजशास्त्र आहे, मानवशास्त्र आहे, पाली आणि बौद्ध अध्ययनाचा वेगळा विभाग आहे. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ असा स्वतंत्र विषय असतो आणि पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा जुना विभाग आहे. पण त्या एकाच दाराशी उभं राहू नये. समाजशास्त्रातून नेट आणि तिची राज्यपातळीवरची बहीण सेट, दोन्ही देता येतात. जेआरएफ, म्हणजे नेटमध्ये वरचे मार्क पडले की मिळणारी संशोधनवृत्ती, निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये, वर घरभाडं. पीएचडीची वर्षं तुमच्या खिशाला हात न लावता निघतात. नंतर मात्र तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी नेट-सेटवाली मुलं आपल्या पुण्यात ढिगाने आहेत. माझ्याकडे येतात, चहा पितात, हसतात, आणि कायम कधी होणार ते विचारू नका म्हणतात.

म्हणून माझा खरा सल्ला : तिला आजपासून जपानी शिकवा. एफसी रोडवर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग आहेत, खासगी क्लासही गल्लोगल्ली झालेत. जपानीच्या परीक्षेत एन-५ ही सगळ्यात खालची पायरी, एन-१ सगळ्यात वरची; एन-५ पासून एक-एक पायरी चढत बीए-एमए होईपर्यंत एन-३ गाठता येते, पुढे एन-२ चं बघू. ज्या देशात हा विषय जन्मला तिथलं मूळ लेखन वाचू शकणारा भारतीय समाजशास्त्रज्ञ शोधावाच लागेल. तिथल्या शिष्यवृत्त्यांसाठी हे वजनदार ठरतं. आणि प्राध्यापकी नाहीच जमली, तर चांगलं जपानी येणारी मुलगी पुण्यात रिकामी बसत नाही. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांपासून चाकणच्या कारखान्यांपर्यंत तिला विचारणारे आहेत. नातेवाइकांना तेवढंच सांगा. त्यांना तेच कळेल.

शेवटची गोष्ट जरा कडू आहे. फोटो तिला विचारून पाठवलेत का? पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्या मावशींचं पूर्ण नाव आणि सोसायटीचं नाव स्पष्ट वाचता येतं. रडल्या त्या तिच्यासमोर, माझ्यासमोर नाही. मी दोन्ही फोटो काढून टाकलेत. तुमच्या फोनमधूनही आजच काढा आणि वही उघडली होती हे तिला स्वतः सांगा. ती चिडेल, चिडू दे. मग पुढच्या वहीत नावांऐवजी खुणा लिही म्हणावं, आणि कुठली खूण कुणाची, तो कागद कुलपात ठेव. किल्ली तुम्ही मागू नका.