आपला संगणक : पंखे वाढले, उष्णता तशीच

प्रश्न : मी सुटे भाग आणून स्वतःच डेस्कटॉप संगणक जोडला आहे. कॅबिनेटच्या दर्शनी बाजूस अखंड काच असून तिच्या मागे १२० मिलिमीटरचे तीन पंखे हवा आत घेतात. गेम खेळताना ग्राफिक्स कार्डाचे तापमान ८३ अंश सेल्सिअसपर्यंत जाते, म्हणून मी वरच्या बाजूस तीन आणि मागे एक असे हवा बाहेर टाकणारे चार पंखे बसवले. आवाज वाढला, तापमान मात्र जेमतेम दोन अंशांनी उतरले. आणखी पंखे लावावेत, की लिक्विड कूलर (द्रव फिरवून उष्णता वाहून नेणारे उपकरण) घ्यावा?

उत्तर : तूर्त दोन्ही नको. ८३ अंश हे तापमान कार्डाला लगेच घातक नाही; अनेक कार्डे याच सुमारास आपला वेग थोडा आवरता घेऊन स्वतःला सांभाळतात. पण चार पंखे वाढवूनही दोनच अंशांचा फरक पडत असेल, तर उणीव पंख्यांची नसून हवेला आत येण्याच्या वाटेची आहे, असे समजावे. अखंड काचेमागचे पंखे काचेच्या कडेला असलेल्या बोटभर फटींतूनच हवा ओढू शकतात. जेवढी हवा आत येईल तेवढीच बाहेर जाणार, हा हिशेब बाहेर टाकणाऱ्या पंख्यांच्या संख्येने बदलत नाही. आपण दार बंद ठेवून खिडक्या वाढवल्या आहेत.

याची खात्री एका पैशाचाही खर्च न करता करता येते. प्रथम खोलीचे तापमान लिहून ठेवावे. मग नेहमीचा गेम वीस मिनिटे चालवून कार्डाचे तापमान स्थिर झाले की तेही नोंदवावे. त्यानंतर दर्शनी काच काढून ठेवावी आणि पंख्यांचा वेग तोच ठेवून पुन्हा वीस मिनिटे तोच गेम चालवावा. दोन्ही वेळी कार्डाच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून जी बाकी उरते, तिचीच तुलना करावी. दुपारी घेतलेली नोंद आणि रात्री घेतलेली नोंद थेट शेजारी ठेवली, तर खोली गार झाल्याचे श्रेय आपण पंख्यांना देऊन बसतो. काच काढल्यावर ही बाकी पाच-सात अंशांनी घटली, तर दोष काचेचा आहे हे ठरले. अशा वेळी जाळीदार दर्शनी भाग मिळवणे, किंवा निदान काच थोडी पुढे सरकवून फट रुंद करणे, हा खरा उपाय होय.

पंखे वाढवत गेल्याने लाभ का घटत जातो, हे आकड्यांतून स्पष्ट दिसते. समजा, आपला संगणक खेळताना ४०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ही उष्णता वाहून नेताना कॅबिनेटमधून जाणारी हवा दहाच अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा त्यातून जायला हवी. हवा दुप्पट केली की ही वाढ पाच अंशांवर येते, म्हणजे पाच अंशांचा फायदा होतो. ती पुन्हा दुप्पट केली तर फायदा फक्त अडीच अंशांचा. पहिले दोन-तीन पंखे जे काम करतात, ते पुढच्या चारांना जमत नाही, याचे कारण हेच. शिवाय पंख्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा समोर कोणताही अडथळा नसताना मोजलेला असतो. काच, गाळणी आणि वायरींचे जंजाळ यांच्यामागे बसल्यावर तोच पंखा त्याचा काही अंशच पुरवतो.

आता हवेची वाट कशी असावी, ते पाहू. हवा समोरून आत यावी, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्यावरून जावी आणि मागून-वरून बाहेर पडावी, ही सर्वांत सरळ रचना आहे. आपण वर लावलेल्या तीन पंख्यांपैकी दर्शनी भागाच्या सर्वांत जवळचा पंखा या वाटेत आडवा येतो. समोरच्या वरच्या पंख्याने आत घेतलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच तो ती बाहेर फेकतो. तो काढून टाकावा आणि ते भोक झाकावे. मधला पंखाही बंद करून पाहावा. बहुधा फरक पडणार नाही, आणि आवाज तेवढा कमी होईल. उलट कॅबिनेटच्या तळाशी पंख्याची जागा असेल, तर काढलेला पंखा हवा वर ढकलेल अशा रीतीने तिथे बसवावा. ग्राफिक्स कार्डाचे पंखे नेहमीच्या आडव्या बसवणीत खालूनच हवा घेतात, त्यामुळे ती ताजी हवा थेट कार्डाच्या तोंडाशी जाते. आपली तक्रार कार्डाविषयी असल्याने हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पंखे उलटे बसलेले नाहीत ना, हेही पाहावे. पंख्याची जी बाजू मोकळी असते तिथून तो हवा घेतो, आणि ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या काड्या व लेबल असते तिकडे फेकतो. तरीही शंका राहिली तर टिश्यू कागदाची दोन बोटे रुंद, वीतभर लांब पट्टी कापून जाळीसमोर धरावी. आत घेणाऱ्या पंख्यापुढे ती जाळीला चिकटते, बाहेर टाकणाऱ्यापुढे फडफडत दूर जाते. हीच पट्टी आपल्या काचेच्या कडेच्या फटीपाशी धरून पाहा. पंखे पूर्ण वेगात असताना ती घट्ट खेचली जाते, पण अर्ध्या वेगात जेमतेम हलते, असे दिसले तर अडथळा किती आहे हे डोळ्यांनीच कळेल. पंख्याचा वेग निम्मा झाला की त्याचा दाब एक चतुर्थांशावर येतो, त्यामुळे अडथळ्यामागचे पंखे हळू फिरवले की फारच दुबळे पडतात. माझ्या स्वतःच्या एका संगणकात मागचा पंखा कित्येक आठवडे उलटा फिरत होता आणि सगळे नीट आहे असेच मला वाटत होते. तो सापडला तो याच कागदाच्या पट्टीने.

लिक्विड कूलरविषयी एवढेच सांगतो, की तो प्रोसेसरची उष्णता उचलतो, कार्डाची नव्हे. त्याच्या रेडिएटरलाही, म्हणजे द्रवातली उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागालाही, हवाच लागते. तो समोर बसवला तर तापलेली हवा कार्डावर येईल आणि आपली मूळ तक्रार वाढेल.

प्रश्न : व्हिडिओवर प्रक्रिया सुरू करताच माझ्या प्रोसेसरचे तापमान एका सेकंदात ४५ वरून ९५ अंशांवर जाते आणि काम थांबताच तितक्याच झटकन खाली येते. कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही, असा याचा अर्थ घ्यावा का?

उत्तर : नाही. तापमान किती वाढते यापेक्षा ते किती वेळात वाढते, याकडे आधी पाहावे. कॅबिनेटमधली हवा एका सेकंदात तापत नाही, तिला दहा-वीस मिनिटे लागतात. म्हणून हळूहळू चढत जाणारे तापमान हवेच्या वाटेकडे बोट दाखवते. क्षणात उसळणारे तापमान प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) यांच्यातील जोडाकडे, किंवा प्रोसेसरच्या मूळ आखणीकडे बोट दाखवते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच आपला वेग सांभाळतील, अशाच रीतीने घडवलेले आहेत. आपला प्रोसेसर त्यांपैकी असेल आणि कामाचा वेग अपेक्षेप्रमाणे मिळत असेल, तर यात दोष नाही. हा आकडा डोळ्यांना खुपत असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीत, प्रोसेसरची वीजमर्यादा थोडी खाली आणावी. वेगात अल्पशी घट होऊन तापमान चांगलेच उतरते.

प्रोसेसर त्यांपैकी नसेल, तर संगणक बंद करून, प्लग काढून, हीटसिंक उचलून पाहावा. त्याच्या तळाला चिकटवलेले पारदर्शक प्लास्टिक काढायचे राहून गेले, असे अनुभवी माणसांकडूनही होते. ते नसेल तर थर्मल पेस्टचा, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णतावाहक लेपाचा, ठसा नीट न्याहाळावा. जोड चांगला असेल तर मधोमध पेस्टचा थर इतका पातळ होतो की त्याखालचा धातू पुसटसा दिसतो. एका कडेला जाड वरंबा आणि दुसऱ्या कडेला जवळजवळ काहीच नाही, असा ठसा दिसला तर हीटसिंक तिरपा बसला होता. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी, मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी आणि स्क्रू एकेक पूर्ण न आवळता समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत.

प्रश्न : कॅबिनेटचे पंखे सतत चढ-उतार करत गुरगुरतात, एक पंखा तर काहीही केले तरी पूर्ण वेगातच फिरतो. गंमत म्हणजे गेम खेळताना, जेव्हा ते जोरात फिरायला हवेत, तेव्हा ते शांत असतात.

उत्तर : तिन्ही गोष्टींची मुळे बायोसमधील पंख्यांच्या नियंत्रणात आहेत. हटून पूर्ण वेगात फिरणारा पंखा बहुधा तीन पिनांचा आहे. त्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलावा लागतो. मदरबोर्डावरील (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरील) त्याची जोडणी चार पिनांच्या पंख्यांसाठी असलेल्या पीडब्ल्यूएम (व्होल्टेज तेच ठेवून स्पंदांनी वेग ठरवणाऱ्या) पद्धतीवर ठेवली, तर त्याला अखंड १२ व्होल्ट मिळत राहतात. ती डीसी, म्हणजे व्होल्टेज बदलणाऱ्या, पद्धतीवर आणावी.

उरलेल्या दोन तक्रारी एकाच कारणाच्या आहेत : आपले पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालतात. ते तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणभर उसळते आणि पंखेही त्यामागे धावतात. गेम खेळताना मात्र खरी भट्टी ग्राफिक्स कार्डाची असते आणि प्रोसेसर त्या मानाने निवांत असतो, म्हणून पंख्यांना धोक्याची जाणीवच होत नाही. सोय असेल तर कॅबिनेटचे पंखे कार्डाच्या तापमानाशी, नाहीतर मदरबोर्डाच्या तापमानाशी जोडावेत आणि वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची मुभा द्यावी. एकच पंखा जोरात फिरवण्यापेक्षा तीन पंखे संथ फिरवणे कानांना केव्हाही सुखाचे. एकाचे दोन समान पंखे केले तर आवाज सुमारे ३ डेसिबलने वाढतो, पण वेग निम्मा केला तर तो सुमारे १५ डेसिबलने घटतो.

प्रश्न : धूळ साचू नये म्हणून आत येणारी हवा जास्त ठेवावी, असे ऐकतो. ते खरे आहे का? आणि कॅबिनेटची बाजू कायम उघडी ठेवली तर काय बिघडते?

उत्तर : खरे आहे, पण गाळणी असेल तरच. आत ढकलली जाणारी हवा थोडी जास्त असली की कॅबिनेटमधील दाब किंचित वाढतो आणि फटीफटींतून हवा बाहेर पडते. धुळीला आत येण्यासाठी मग गाळणीचीच वाट उरते आणि तिथे ती अडते. बाहेर टाकणारे पंखे भारी पडले, तर हीच फट न गाळलेली हवा आत ओढते. मात्र गाळणी साफ केली नाही तर तीच अडथळा बनते, म्हणून महिन्यातून एकदा तरी ती झटकावी.

बाजू उघडी ठेवल्याने ग्राफिक्स कार्ड कधीकधी गार होते, आणि तसे झाले तर बंद कॅबिनेटमध्ये हवा कमी पडते याचाच तो पुरावा आहे. कायमचा उपाय म्हणून मात्र मी तो सुचवणार नाही. समोरून मागे जाणारी हवेची धार मोडते, मदरबोर्डाचे वीज पुरवणारे भाग आणि माहिती साठवणारी एसएसडी यांच्यावरून वाहणारी हवा मंदावते आणि धूळ मोकाट आत येते. साचलेली धूळ काढताना संगणक बंद करून प्लग काढावा, वायरींना धक्का न लावता दाबाची हवा थोड्या थोड्या झोतात मारावी आणि प्रत्येक पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी सोडलेली पाती त्या झोताने नेहमीपेक्षा कितीतरी वेगात फिरतात आणि बेअरिंग खराब होते.